कड्यावरचा पाटील

कुणाला शिवी द्यायची झाली की लोक गिधाड म्हणतात. म्हणणाऱ्यानं गिधाड पाहिलेलं नसतं. आमच्या डोंगरात त्या नावाला शोभतील अशा लायकीची माणसं चार-दोनच निघतील, आणि त्यांतली एक माझी धाकटी सून आहे. हे मी तिच्या तोंडावर बोलत नाही. सुनेचं तोंडावर कौतुक केलं की भाकरी जाड व्हायला लागते.

मी बायजाबाई झोरे. कड्याखालच्या वाडीत आमची गवळी-धनगरांची घरं आहेत. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. तिसरीत बापानं म्हशींमागं लावलं, आणि म्हशींनी मला बाईंपेक्षा कमीच मारलं. आता वाडीचं दूध पिंपात बसून उडत्या गाडीनं खाली डेअरीला जातं, घराघरावर उन्हाचे पत्रे चढलेत, खोकला आला तर मोबाइलच सांगतो कशाचा ते. म्हैस मात्र अजून तशीच आहे, काळी आणि हट्टी.

माझ्या दारात पोरी दूध मागायला आल्या, तूप मागायला आल्या. शर्वरी आली ती मेलेलं ढोर मागायला. सांगलीची पोर, पाखरांवर मोठी पदवी घेतलेली, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. मी विचारलं, आईबाप जेवायला घालत नाहीत काय? ती हसली आणि सरळ ओट्यावर बसून ताक मागितलं. माझा धाकटा जानू दोर घेऊन तिला कड्यावर उतरवायला गेला, तो सोयरीक घेऊनच वर आला. तेव्हापासून ती मला आत्या म्हणते.

मी लहान असताना ढोरखडकावर जनावर नेऊन टाकलं की आभाळ भरून यायचं. ढोरखडक म्हणजे कड्याच्या पायथ्याचा सपाट कातळ. वाडीचं जनावर मेलं की पुरायचं नाही, विकायचं नाही, तिथं ठेवायचं. जन्मभर ज्यानं पोसलं त्याला आभाळात पोहोचवायचं. दुपारपर्यंत नुसती हाडं उरायची, ना वास, ना माशी. मग एकेक करत गिधाडं नाहीशी झाली. आम्ही म्हटलं, देव कोपला. शर्वरी म्हणाली, सुई.

तिनं सांगितलं ते मला कळलं, तेव्हा तुम्हालाही कळेल. जनावराची सूज उतरवायला एक औषध निघालं होतं. म्हशीला गुण यायचा. पण अशी म्हैस मेली आणि गिधाडानं खाल्ली की ते औषध त्याच्या मूत्रपिंडाला धरायचं. रक्तातला जो क्षार बाहेर जायचा तो आत साठायचा, आणि काळजावर, यकृतावर पीठ सांडावं तसा पांढरा थर बसायचा. दोन-तीन दिवसांत पाखरू मान खाली टाकून बसलेल्या जागीच मरायचं. एका म्हशीवर किती गिधाडं बसतात, ती सगळी एका पंगतीत गेली. सरकारनं ते औषध जनावरांना बंद केलं, तोवर आभाळ मोकळं झालं होतं.

पूर्वी पाखरू मेल्यावर कळायचं कशानं मेलं. शर्वरीनं काढलेलं यंत्र मरायच्या आधी सांगतं. गिधाडाच्या पंखाखाली पीस नसतं तिथं ती नखाएवढी चकती चिकटवते. डासाच्या सोंडेपेक्षा बारीक सुया, त्या कातडीतला ओलावा चाखतात आणि क्षार मोजतात. पाठीवर उन्हावर चालणारा खडा, तो पाखरू घिरट्या घालतंय, खातंय की बसलंय ते अंगाच्या हालचालीवरून ओळखतो आणि सगळं घरातल्या पडद्यावर धाडतो. आणि वर उताराही केलाय. क्षार फोडणारा एक रस असतो. तो म्हशीच्या अंगात असतो, कुत्र्याच्या असतो, पाखराच्या नसतो. माणसाच्याही नसतो, म्हणून तर आपले सांधे धरतात. दह्याला विरजण लावावं तसा जिवाणूंना लावून तिनं तो रस करवून घेतलाय. मी म्हटलं, म्हणजे मी आणि गिधाड एका गोत्राची. ती म्हणाली, आत्या, यात चूक काढता येणार नाही.

वाडीला हे सगळंच पटलं होतं असं नाही. आमच्या गोठ्यातलं दुखणं आता पाखराच्या बगलेतून बाहेर फुटणार, असं लोक कुजबुजायचे. तरी सगळ्यांनी खडकावर हात ठेवून कबूल केलं, की औषध दिलेलं जनावर मातीत, बिनऔषधाचं तेवढं खडकावर. आणि गिधाडं आली. आधी एक, मग जोडी. नराला मी पाटील म्हणायची. हात मागं बांधून शेताच्या बांधावरून फिरावं तसा तो कातळावरून चालायचा. मादी पाटलीण. शर्वरीच्या पडद्यावर त्यांना आकडे होते, पण आकड्याला कोण हाक मारणार.

त्या जोडीनं कड्याच्या कपारीत घरटं केलं. वर्षाला एकच अंडं घालतात, आणि ते दोघं आळीपाळीनं उबवतात. पाटील बसायचा तेव्हा पाटलीण रानभर हिंडून यायची. मी सासरी आल्यापासून असा नवरा पाहिला नव्हता. अंड्यातून पिल्लू निघालं तेव्हा शर्वरी दुर्बिणीच्या नळीतून बघता बघता रडली. इतक्या वर्षांत आमच्या कड्यावरचं ते पहिलं पिल्लू.

फाल्गुनातल्या एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते, ती तव्यावर टाकत होती, आणि फळीवरचं यंत्र वाजायला लागलं. शर्वरीनं पिठाच्या हातानंच पडदा पुसला. पाटलाचा क्षार चढत होता. पहाटेच त्यानं ढोरखडकावर पोटभर खाल्लं होतं आणि आता तो खडकाजवळच्या डबक्यापाशी जड होऊन बसला होता.

मी म्हटलं, बसलीस काय, उताऱ्याची सुई घे आणि चल. ती हलेना. मग तिनं मला नीट समजावलं. क्षार उन्हानंही चढतो, भरपेट खाल्ल्यानंही चढतो. यंत्र चढतोय एवढंच सांगतं, का चढतोय ते सांगत नाही. मागल्या साली दुसऱ्या डोंगरात असाच गजर झाला, तिच्या सोबतच्यांनी नराला धरलं, तर त्याला काहीच नव्हतं. भ्यालेला नर घरट्याकडं फिरकला नाही आणि अंडं थंड पडलं. धरावं आणि विष नसलं, तर पिल्लाचा बाप गेला. धरू नये आणि विष असलं, तर बाप तर जाईलच. पण त्याआधी ऊन तापेल, कड्याची हवा वर उठेल, तिच्यावर बसून तो कपारीत जाईल आणि गळ्यात भरलेलं मांस पिल्लाच्या तोंडात ओतेल.

म्हणजे ऊन तापायच्या आत आम्हाला कळायला हवं होतं, खडकावरच्या कुठल्या जनावराला काय दिलं होतं.

तीन जनावरं होती. एक आमचं वासरू, बिबट्यानं मारलेलं. त्याला औषध द्यायला बिबट्यानं उसंतच दिली नव्हती. दुसरा खालच्या वाडीचा म्हातारा रेडा. काही दिलं नाही म्हणून त्यांनी फोनवर शपथ घेतली. तिसरी माझ्या जावेची, ठकूची म्हैस, हरणी.

शर्वरी ठकूकडं धावत गेली आणि तशीच परत आली. काकी बोलत नाहीत म्हणाली. औषध दिलं का विचारलं तर त्यांनी तोंडावर पदर धरला आणि आत गेल्या.

ती बोलणार नाही हे मला आधीच ठाऊक होतं. हरणी तिची म्होरकी होती, कळपाच्या पुढं चालणारी म्हैस. म्होरकीचं दुखणं आमच्यात घराबाहेर सांगत नाहीत. सांगितलं की ते ऐकणारीच्या गोठ्यात जातं. मारून टाकलं तरी बाई सांगायची नाही. सांगता येतं ते एकाच वेळी, दुसऱ्या गोठ्याच्या मालकिणीनं दारात येऊन पदर पसरून मागितलं तर. मग ते दुखणं तिनं स्वतः घेतलेलं असतं. असं कुणी मागितलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कोण वेडी मागेल?

शर्वरीला ही रीत माहीत होती. जानूनं सांगितली असणार. ती चुलीकडं बघत म्हणाली, "दुखणं कानातून जात नाही, आत्या. पण तुम्ही जा असं मी म्हणणार नाही."

ती स्वतः मागू शकत नव्हती. गोठा माझ्या नावचा, आणि तिच्या अंगावर पँट. पँटीला कुठला पदर?

आता ठकूचं आणि माझं सांगते. मी थोरली, ती धाकटी. घरं वेगळी झाली तेव्हा मी अंगाखांद्यावर वाढवलेली म्होरकी तिच्या दावणीला गेली. हरणी त्याच म्हशीची लेक. तेव्हापासून मी तिच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. थोरलीनं धाकटीच्या दारात आधी जायचं नसतं, आणि मी कुणाच्याच दारात आधी जात नाही. शिवाय माझी स्वतःची म्होरकी, कवडी, गाभण होती. दिवस भरत आले होते.

मी हात धुतले. गोठ्यात जाऊन कवडीच्या कपाळावर हात ठेवला. तिनं मान झटकली. तिला लाड आवडत नाहीत, माझ्यावर गेलीय. मग मी वाडीच्या वरच्या टोकाला चालत गेले, आणि दोन्ही बाजूच्या ओट्यांवर बसलेल्या बाया बोलायच्या थांबल्या.

ठकू शेणाच्या हातानं अंगणात उभी होती. मला बघून तिनं हात मागं घेतले.

"अक्का, घरात या," ती म्हणाली.

"घरात येत नाही, ठके. मागायला आलेय." मी पदर दोन्ही हातांत धरून पसरला. "हरणीचं दुखणं दे माझ्या गोठ्याला."

तिनं शेणाचे हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, "कवडी गाभण आहे अक्का."

"ठाऊक आहे. गोठा माझा आहे."

"म्हणून तर तुमच्या सुनेला काही बोलले नाही. तुमच्याच घरी गेलं असतं ते." ठकू म्हणाली, "इतकी वर्षं बोलत नाही म्हणून काय तुमच्या गोठ्यावर दुखणं टाकू?"

मी वर्षानुवर्षं जिला कपटी समजत होते, ती सकाळपासून माझ्याच म्हशीसाठी तोंड दाबून बसली होती. पण रडायला वेळ नव्हता. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात आलं होतं. मी म्हटलं, "पदर जड झाला ठके, टाक लवकर."

मग तिनं सांगितलं. हरणीचे पुढचे गुडघे सुजले होते, तिला उठवेना. डॉक्टरला बोलवलं तर तो सुई देणार, आणि सुई दिली तर हरणी खडकावर जाणार नाही, मातीत जाईल. म्हणून ठकूनं डॉक्टरला बोलवलंच नाही. स्वतःच्या गुडघ्यांसाठी तिच्याकडं गोळ्या होत्या, त्या गुळात घालून तिनं हरणीला चारल्या, रोज मूठभर, मरेपर्यंत. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. औषध म्हणजे डॉक्टरची सुई. ह्या तर घरातल्या गोळ्या. मला गुण येतो तर तिला का येऊ नये, माझ्याच हातची वाढलेली ती.

तिनं आतून गोळ्यांची रिकामी पट्टी आणून दिली. माझ्या मागं दहा पावलांवर शर्वरी उभी होती, मला कळलंही नव्हतं. तिनं पट्टीवरचं नाव वाचलं आणि जानूला हाक मारली. गिधाडांना मारणारं औषध तेच होतं. माणसांसाठी ते अजून मिळतं.

पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण मला मागं राहा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. जानूनं माझी घोंगडी घेतली. ती मऊ, वासाची, पाखराला जनावरासारखी वाटणारी. पाटील डबक्याच्या काठावर पंख अर्धे उघडून बसला होता. वारा अजून पडलेला होता. शर्वरी पुढून गेली, बसत, थांबत, जमिनीकडं बघत, जणू तिला त्याच्याशी काही घेणंच नाही. जानू मागून. पाटलानं उडायला पाय गोळा केले, पण पोट जड होतं, आणि तेवढ्यात घोंगडी पडली.

गिधाड धरलं की ओकतं. हलकं होऊन पळायची त्याची ती युक्ती. शर्वरीला हे ठाऊक होतं, ती त्याचीच वाट बघत होती. मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्याच्या तोंडासमोर उभी होते. हरणीचं जे काही त्याच्या गळ्यात उरलं होतं ते सगळं माझ्या लुगड्यावर आलं. जानू हसायला लागला. शर्वरी मात्र माझ्या लुगड्याकडं असं बघत होती जसं नव्या सुनेच्या ओटीकडं बघावं. पिल्लाच्या तोंडात जायचं होतं ते इथं पडलं, ती म्हणाली. मी त्या वासातच उभी राहिले आणि तिला सुई भरताना बघितलं. हात एकदाही हलला नाही. जे पाखरू आख्ख्या जगाला किळसवाणं, त्याच्या पंखाखाली ती बोटं फिरवत होती, आणि त्याच्याशी हळूहळू बोलत होती. आमच्यात कसबी गवळण अडलेल्या म्हशीशी बोलते तशी.

वाडीतल्या माणसांनी हरणीला खडकावरून ओढून काढलं आणि खोल खड्डा घेतला. ठकू दूर उभी राहून बघत होती. हरणी मातीत गेली. शेवटी ठकूला जे नको होतं तेच झालं. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

पाटलाला आमच्या करडांच्या कोंडीत ठेवलं. शर्वरीनं सांगितलं की पोटात उतरलेलं औषध अजून काम करणार, तोवर उतारा परत परत द्यावा लागेल. कपारीत पाटलीण एकटी. तिला पिल्लू सोडून फार लांब जाता येईना, म्हणून खडकावर स्वच्छ मांस हवं होतं. शिमग्यासाठी राखलेला बोकड मी कापायला दिला. अर्धा पाटलिणीला, अर्धा पाटलाला. जानूचं तोंड उतरलं. त्याला म्हटलं, तू वर्षभर खातोसच, अंडी उबवायला कधी बसलास?

दुसऱ्या दिवशी कवडी लंगडली. पुढचा उजवा पाय.

मी गोठ्यात तिच्याजवळ बसून राहिले. दुपारी ठकू आली, न बोलावता, आणि माझ्या शेजारी बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. परत घेते म्हणाली, पदर पसरते. मी म्हटलं, दिलेलं दुखणं परत घेतात का, तुझ्या घरचं ताट आहे ते? तेवढ्यात शर्वरी आली, तिनं खुर वर उचलला, चिमट्यानं खोल रुतलेला बाभळीचा काटा काढला आणि आमच्या दोघींच्या पुढं धरला. ठकू म्हणाली, काटाच होता. मी म्हटलं, काटाच दिसतोय. तरी दोघींनी तो काटा चुलीत टाकला.

नंतर ठकूच म्हणाली, रीत मोडवत नाही आणि पाखरं मारवत नाहीत, मग दुखणं कड्याला सांगावं. कड्याला गोठा नाही. शर्वरीनं एक दिवसही फुकट घालवला नाही. खडकाच्या कपारीत तिनं ऐकणारं यंत्र बसवलं. आता वाडीतली बाई जनावर ठेवते, कड्याकडं तोंड करून काय झालं, काय दिलं, गुळात काय घातलं, सगळं सांगते, आणि यंत्र पाखरं उतरायच्या आधी ते ताडून पाहतं. कोण बोललं हे ते ठेवत नाही. काय दिलं तेवढंच ठेवतं. तशी बांधणी तिनं मुद्दाम केली. तिच्या वरच्या साहेबांना बोलणाऱ्यांची नावंही हवी होती. तिनं नाही म्हणून कळवलं आणि पुन्हा भाकरी तव्यावर टाकायला आली.

पाटलाचा क्षार उतरला तसं त्याला सोडायचं ठरलं. त्या सकाळी सगळी वाडी खडकावर जमली. मी सगळ्यांना लांब बसवलं, बायकांना गप्प बसवलं, त्याला जास्त वेळ लागला. शर्वरीनं कोंडीतून आणलेली पेटी उघडली आणि ती मागं सरली. औषध उतरलं होतं, पण धरलेला नर घरट्यात परत जातो की नाही, हे यंत्राला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

पाटील बाहेर आला. इकडं तिकडं बघितलं, हात मागं बांधल्यासारखा कातळावरून चालत गेला, डबक्यात पाय घालून अंग धुतलं. मग बोकडाचं खाल्लं. सावकाश, कुणाचं देणं नसल्यासारखं. ऊन वर आलं. कड्याच्या अंगानं हवा उठली, वाळलेलं गवत वर तरंगायला लागलं, तसं त्यानं पंख उघडले. ते एवढे मोठे, की माझ्या शेजारी बसलेल्या ठकूनं मान मागं घेतली. तो वर गेला, आणखी वर गेला, आणि कड्याच्या पलीकडं दिसेनासा झाला.

जानूनं पडदा पुढं केला, खडा सांगेल म्हणाला. शर्वरीनं तो पालथा घातला. तिला डोळ्यांनी बघायचं होतं. मलाही.

पाटलीण कपारीत पिल्लावर सावली धरून बसली होती. मी मनात म्हटलं, गेला असेल तर जाऊ दे, बाई, पोर वाढवायला बाप्या लागतोच असं नाही, मी तिघं वाढवली. पण माझे हात ठकूच्या मांडीवर कधी गेले ते कळलं नाही.

मग कड्याच्या वरून एक सावली घसरत खाली आली. पाय पुढं काढून तो कपारीच्या कडेला उतरला. पाटलीण त्याच्याकडं बघत राहिली, मग दोन पावलं सरकून तिनं त्याला जागा दिली. पिल्लानं मान वर केली. पाटलानं मान वाकवली, आणि पिल्लाचं डोकं त्याच्या चोचीत आत गेलं.

"खातंय गं," ठकू म्हणाली.

"दिसतंय मला," मी म्हटलं. खरं तर दिसत नव्हतं. डोळे भरले होते. शेजारी माझी सून मातीत बसून ढसाढसा रडत होती, आणि तिचं नाक मी माझ्या पदरानं पुसलं.